पूर्णेच्या पायऱ्या आणि गाविलगडचा प्रस्तरभंग

श्रावणात अकोल्याचे शिवभक्त कावड घेऊन गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरतात आणि पायी परत येऊन राजराजेश्वराला वाहतात. अकोल्याहून तिथवरचा मुलूख बहुतेक सपाट आहे. डोळ्यांना अडवणारे काहीच नाही. मग एकाएकी जमीन संपते आणि नदी खाली, कित्येक पुरुष खोल दिसते. काठाची माती उभी कापलेली असते आणि पावसाळी ओहोळांनी तिच्यात घळी पाडलेल्या असतात. आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला क्षितिजावर गाविलगडच्या डोंगरांची निळी भिंत उभी असते आणि ती भिंत संशय यावा इतकी सरळ आहे.

नदी इतकी खाली का गेली, आणि डोंगर इतका सरळ का, हे दोन प्रश्न या धाग्यात एकत्र घ्यायचे आहेत. आपण नेहमी शिलालेख, बखरी, फर्माने वाचतो. आज नदीचा काठ वाचू. त्याला साधनचिकित्सेचे तेच नियम लागू पडतात, किंबहुना अधिक कडकपणे लागू पडतात.

प्रथम त्या भिंतीविषयी. नरनाळा आणि गाविलगड हे वऱ्हाडचे दोन्ही मोठे किल्ले याच डोंगररांगेत आहेत. गाविलगड १४२५ च्या सुमारास अहमदशाह बहमनीने बांधला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून वेलस्ली याच भिंतीकडे वळला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. मैदान आणि डोंगर यांच्यामधली ही तीव्र चढण लष्करी इतिहासात आपण गृहीत धरतो. भूशास्त्राने मात्र तिचे कारण विचारले. शाळेच्या भूगोलात प्रस्तरभंग, खचदरी आणि गट पर्वत हे शब्द आपण पाठ केलेले असतात. डोंगरांच्या दक्षिण पायथ्याने पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य दिशेने असाच एक मोठा प्रस्तरभंग जातो. त्याचे नाव गाविलगड प्रस्तरभंग. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला त्याची खूण उघड दिसते. सगळा आसमंत काळ्या बेसाल्टचा. पण तिथे बेसाल्टच्या शेजारीच त्याहून कितीतरी जुने वालुकाश्म आणि त्याहूनही प्राचीन स्फटिकी खडक वर आलेले आहेत. जे थर एकमेकांच्या खाली असायला हवेत ते शेजारी आले, याचा अर्थ जमिनीचा एक तुकडा दुसऱ्याच्या तुलनेत वर सरकला. सालबर्डीला गरम पाण्याचे झरेही आहेत. खोलवरच्या भेगांतून पाणी वर येते तिथे असे झरे आढळतात.

इथवर वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे. हा प्रस्तरभंग जिवंत आहे की कधीचाच थंडावलेला आहे?

हा प्रश्न केवळ पंडिती राहिलेला नाही, त्याचे कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीला भूकंप झाला तोवर दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, निश्चिंत भूमी हा समज पाठ्यपुस्तकांतून रुजलेला होता. कोयनेचा १९६७ चा भूकंप त्या समजाला छेद देणारा होता. पण त्याचे खापर धरणाच्या जलाशयावर फोडता येत होते. किल्लारीच्या ६.२ रिश्टरच्या धक्क्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथे ना डोंगराची सरळ भिंत होती ना नकाशावर ठळक रेघ. भूकंपानंतर शेतांत उमटलेल्या लहानशा उंचवट्यावर संशोधकांनी चर खणले. त्याच जागी पूर्वीही हालचाल झाली होती की नाही, याबद्दल त्यांच्यात मतभेद झाले. जिथे रेघ नव्हती तिथे एवढा संहार झाला. मग जिथे रेघ स्पष्ट आहे तिथे काय?

गाविलगडच्या पायथ्याशी अचलपूर, परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा ही गावे आहेत. वाण, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या डोंगरातून मैदानात उतरतात तिथे त्यांच्यावर धरणे आहेत. खारपाण पट्ट्यातील गावांना विहिरीचे पाणी पिता येत नाही, म्हणून त्यांच्याकरिता वाण धरणाचे गोडे पाणी नळाने नेले जाते. म्हणजे मैदानाची तहान डोंगराच्या पायथ्याशी बांधलेली आहे.

खारपाणाची गोष्ट आली तर थोडे तिथेच थांबू, कारण आपल्या प्रश्नाचा पहिला पुरावा त्याच खाऱ्या मातीत आहे. १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनांत दोन लेखने आली. ए. बी. विन यांनी पश्चिम वऱ्हाडातील पूर्णेच्या खोऱ्यावर लिहिले आणि डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवर. त्या काळी दहीहंड्यापासून अमरावतीच्या अलीकडपर्यंत पूर्णेच्या परिसरात मिठाच्या विहिरी होत्या. शंभर फुटांच्या आसपास खोल जायचे, वाळूमिश्र थरातले खारे पाणी उपसायचे आणि वाफ्यांत आटवून मीठ काढायचे, असा तो धंदा होता. पुढे सरकारी मीठ-धोरणात तो बुडाला. समुद्रापासून इतक्या दूर मीठ कुठून आले, हा प्रश्न त्या लोकांनाही पडला होता. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. शंभर फूट खणूनही माणूस गाळातच राहतो, खडक लागत नाही.

पूर्णेचे मैदान ही खडकाची एक लांबट बशी आहे आणि ती शेकडो फूट जाडीच्या गाळाने भरलेली आहे. गाळ दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे गाविलगडच्या दिशेने, अधिक जाड होत जातो. आता एक साधा विचार करा. वाहते पाणी उतार कापू शकते, दरी खणू शकते; पण बाहेर पडण्याच्या वाटेपेक्षा खोल असा खळगा नदीला कोरता येत नाही. पाणी चढावर वाहत नाही. मग नदीने न कोरलेली ही बशी झाली कशी? एकतर तळ खचला किंवा कड वर आली. दोन्हींचा अर्थ एकच: जमीन हलली. आणि गाळ जिथे सर्वांत जाड आहे ती बाजू प्रस्तरभंगाच्या बाजूची आहे.

हा पुरावा मला पक्का वाटतो. पण तो किती सांगतो हेही नीट पाहायला हवे. जमीन हलली, एवढेच तो सांगतो. कधी थांबली, किंवा थांबली का, याबद्दल बशी मौन बाळगते. एखाद्या राजघराण्याची वंशावळ हाती लागावी पण शेवटच्या राजाचे साल फाटलेले असावे, तशी ही स्थिती. ते फाटलेले साल शोधायचे साधन म्हणजे नदीच्या पायऱ्या.

पायरी म्हणजे नदीचे जुने पूरमैदान. नदी एका पातळीवर दीर्घकाळ वाहते, पुरात गाळ पसरते, सपाट मैदान तयार करते. मग काही कारणाने ती आपले पात्र खाली कापू लागते. जुने मैदान वर, कोरडे राहते. खालच्या पातळीवर पुन्हा स्थिरावून नदी नवे मैदान घडवते, पुन्हा खाली जाते. अशा रीतीने काठावर एकाखाली एक सपाट पट्टे उरतात. सर्वांत वरची पायरी सर्वांत जुनी आणि पाण्यालगतची सर्वांत नवी. उत्खननात खालचा थर जुना असतो. इथे क्रम उलटा आहे. काठ चढत जाऊ तसे आपण भूतकाळात जातो.

आता मोह आवरायला हवा. पूर्णेचा काठ खोल कापलेला आहे, म्हणून जमीन वर उचलली जात आहे, म्हणून प्रस्तरभंग जिवंत आहे, अशी तीन उड्यांची मांडणी फार आकर्षक दिसते. ती चुकीची आहे. नदी खाली जाण्याची किमान तीन कारणे असतात. हवामान बदलले, मोसमी पाऊस वाढला आणि नदीत पाणी जास्त व गाळ कमी झाला, तर ती आपलेच जुने थर खणू लागते. पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते. तापीने आपले पात्र खाली नेले तर पूर्णेलाही मागोमाग खाली जावे लागते. आणि तिसरे कारण जमिनीचे उचलले जाणे. हिमयुगाच्या शेवटी मोसमी पाऊस कोरड्या काळातून पुन्हा जोरावर आला आणि भारतातल्या कितीतरी नद्यांनी तेव्हा आपले काठ कापले. त्यांतल्या अनेक नद्यांच्या जवळपास एकही प्रस्तरभंग नाही. तेव्हा गांधीग्रामचा उंच काठ हा एकटा साक्षीदार न्यायालयात टिकणार नाही.

मग साक्ष कोणाची घ्यायची? प्रस्तरभंगाची रेघ ओलांडणाऱ्या पायरीची. डोंगरातून मैदानात उतरणारी उपनदी ती रेघ आडवी कापते. तिच्या काठची एकच पायरी रेघेच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूलाही शोधायची आणि उंची मोजायची. हवामानाने घडवलेली पायरी रेघेपाशी अडखळत नाही. तिला रेघ ठाऊकच नसते. ती नदीच्या उताराबरोबर अखंड उतरत जाते. जमीन सरकली असेल तर मात्र त्याच जागी पायरीला ठेच लागलेली दिसते.

खरी कसोटी याच्याही पुढे आहे. समजा, एका उपनदीच्या काठावर तीन पायऱ्या आहेत. तिन्हींना रेघेपाशी सारखीच दोन मीटरची ठेच असेल, तर सर्वांत नवी पायरी घडल्यानंतर एकदाच हालचाल झाली. सर्वांत जुनीला आठ मीटर, मधलीला चार आणि नवीला दोन अशी ठेच असेल, तर प्रस्तरभंग पुन्हापुन्हा सरकत आलेला आहे. जुन्या पायरीने अधिक धक्के सोसले म्हणून तिची ठेच मोठी. आणि जुन्या दोन तुटलेल्या पण नवी अखंड असेल, तर शेवटची हालचाल त्या दोन काळांच्या मधली. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण रीत हीच. न्यूझीलंडमध्ये वायोहिनी नदीच्या पायऱ्या वायरारापा प्रस्तरभंग ओलांडतात. त्याच प्रस्तरभंगावर १८५५ साली मोठा भूकंप झाला होता. तिथे जितकी पायरी जुनी तितकी तिची सरक अधिक, असा क्रम मोजला गेलेला आहे. नेपाळमध्ये बागमती आणि बकैया नद्यांच्या वाकलेल्या पायऱ्यांवरून लाव्हे आणि अव्हुआक या फ्रेंच संशोधकांनी हिमालयाच्या पायथ्याची सरक वर्षाला सुमारे २१ मिलिमीटर काढली. सातपुड्यात असा वेग कोणी अपेक्षित धरत नाही. इथले काम कमालीचे संथ आहे, आणि म्हणूनच इथे पायऱ्यांची गरज अधिक. भूकंपमापक यंत्रांचा काळ जेमतेम सव्वाशे वर्षांचा. लिखित नोंदी काही शतकांच्या, त्याही तुटक. ज्या प्रस्तरभंगाचे दोन मोठे भूकंप हजारो वर्षांच्या अंतराने होतात त्याच्याबद्दल कागद गप्प असणे हे काहीच सिद्ध करत नाही. उल्लेख नाही म्हणून घटना नाही, हा तर्क आपण इतिहासात मान्य करत नाही. इथेही करू नये.

सातपुडा अगदीच गप्प नाही, हेही सांगायला हवे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६ रिश्टरहून मोठा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजी याच पट्ट्याच्या पूर्वेला जबलपूर हादरले. ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटातील साद्राबाडीला जमिनीतून आवाज आणि लहान धक्के येत राहिले आणि लोक घराबाहेर झोपले. अशा लहान धक्क्यांच्या मालिकेवरून मोठ्या प्रस्तरभंगाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बातम्यांनी ती घाई केली होती.

पायरीची उंची मोजणे सोपे, वय ठरवणे कठीण. गाळात कोळसा किंवा शिंपले मिळाले तर कार्बन-१४ ची पद्धत चालते. तिची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षे. वाळूचे कण शेवटचे कधी उन्हात होते हे ल्युमिनेसन्स पद्धतीने काढता येते. कण गाडला गेला की त्याचे घड्याळ सुरू होते. आणि दख्खनला एक तिसरे साधन लाभले आहे. सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याची राख भारतभर पडली. नद्यांच्या गाळात तिचा पांढुरका थर ठिकठिकाणी सापडतो; पूर्णेच्या खोऱ्यातही सापडला आहे. एकाच वेळी सर्वत्र पडलेली राख म्हणजे हजारो चौरस किलोमीटरवर उमटलेला एकच शिक्का. रेघेच्या दोन्ही बाजूंना ती मिळाली आणि पातळी वेगळी निघाली, तर मोजमाप आयतेच होते. पण शिक्काही तपासूनच घ्यावा लागतो. जुन्नरजवळ कुकडीकाठी बोरी येथे मिळालेल्या राखेचे वय आधी १४ लाख वर्षे सांगितले गेले, नंतर ती टोबाचीच ७५ हजार वर्षांपूर्वीची राख असल्याचे मांडले गेले. तिच्याखाली-वर दगडी हत्यारे होती, त्यामुळे भांडण केवळ राखेचे राहिले नाही. दख्खनमधल्या आदिमानवाच्या वयाचे झाले.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही काम आहे, असे माझे मत आहे. संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांच्या उत्खननात प्राचीन वसाहत आणि विटांचा स्तूप उजेडात आला. तुळजापूर गढीला पूर्णेच्या खोऱ्यात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. माणसे ज्या पृष्ठभागावर शतकानुशतके राहतात तो पृष्ठभाग त्यांच्याआधी घडलेला असतो. म्हणजे वसाहतीचा काळ ही त्या पायरीच्या वयाची अलीकडची मर्यादा झाली. नाणी आणि खापरे अशा रीतीने भूकंपशास्त्राच्या कामी येतात. उलट बाजूने सावधगिरीही आपणच शिकवू शकतो. वऱ्हाडात गावोगाव पांढरीची टेकाडे आणि गढ्यांची ढासळलेली माती आहे. दुरून, उपग्रहाच्या चित्रात, असे टेकाड पायरीसारखेच दिसते. मातीत खापर आहे की नाही हे पाहायला कोणीतरी तिथे वाकावे लागते.

'जिवंत' या शब्दाचा अर्थही एकच नाही. कॅलिफोर्नियाचा १९७२ चा कायदा साधारण गेल्या ११ हजार वर्षांत जमीन फाडलेल्या प्रस्तरभंगाला सक्रिय मानतो. प्रश्न घरे बांधण्याचा आहे. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियमांत मात्र ३५ हजार वर्षांत एकदा किंवा ५ लाख वर्षांत वारंवार, अशी कसोटी ठेवली गेली. म्हणजे प्रस्तरभंग तोच, पण त्याच्याशेजारी काय बांधायचे यावर त्याचे जिवंतपण ठरते. घराला जो थंड वाटेल तो अणुभट्टीला चालणार नाही. धरणाला?

आता या सगळ्या रीतीचा आपल्या जवळचा दाखला. २०१४ साली अ‍ॅलेक्स कॉपली, सुप्रियो मित्रा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील तापी प्रस्तरभंगावरचा निबंध प्रसिद्ध केला. डोंगरातून उतरणारे ओढे पायथ्याशी गाळाची पंखाकृती मैदाने पसरतात. पायरीप्रमाणेच तेही नदीने घडवलेले आणि मग सोडून दिलेले पृष्ठभाग. तापी प्रस्तरभंगावर हे पृष्ठभाग सलग उतरत नाहीत. त्यांना ठेच लागलेली आहे. गेल्या सुमारे ११ हजार वर्षांत तिथे ७.६ ते ८.४ रिश्टरचा एक किंवा अधिक भूकंप झाले, असा त्यांचा निष्कर्ष. खालचा आकडा धरला तरी त्यात किल्लारीच्या शंभरपटीहून अधिक ऊर्जा होते. आश्चर्य असे की तुटलेल्या भागाची लांबी त्या मानाने कमी आहे. आखूड रेघ पण मोठी सरक. त्यांनी आणखी एक मोठे विधान केले: प्रस्तरभंगाच्या दक्षिणेकडची जमीन खचत गेल्यामुळेच मध्य भारतातील पाण्याच्या वाटा बदलल्या आणि तापीचे पश्चिमवाहिनी खोरे आकाराला आले. शेजारची गोदावरी-वर्धा पूर्वेकडे धावत असताना पूर्णा-तापी उलट दिशेने का वाहतात, या जुन्या कोड्याला हे एक उत्तर आहे.

हा निबंध तापीचा आहे, गाविलगडचा नाही, हे विसरू नये. खानदेशातल्या जमिनीचा पुरावा वऱ्हाडातल्या जमिनीला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे एका परगण्याचा ताळेबंद दुसऱ्याच्या नावे मांडणे. परंतु त्याच निबंधात असेही म्हटले आहे की त्यांनी अभ्यासलेल्या भागाच्या पूर्वेकडे याच रेघेचा जो विस्तार आहे तो मध्य भारतासाठी भूकंपाचा मोठा धोका आहे. नकाशा उघडा आणि तापीकडून पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याने बोट फिरवा. बोट तेल्हाऱ्याच्या उत्तरेने, अकोटच्या, अंजनगावच्या, परतवाड्याच्या वरून सालबर्डीकडे सरकते.

त्या वाटेवर वाण, शहानूर, चंद्रभागा, सापन आणि सालबर्डीची माडू या नद्या डोंगर सोडून मैदानात येतात. प्रत्येकीच्या काठावर जुन्या गाळाचे पट्टे आहेत. रेघेच्या वरची आणि खालची पायरी तीच आहे का, तिची उंची किती, वाळूचा कण शेवटचा कधी उन्हात होता, आणि त्यावरच्या पांढरीत कोणत्या काळाचे खापर आहे, एवढे चार प्रश्न प्रत्येक नदीला विचारायचे आहेत. संत्र्याच्या बागा वाढत आहेत, शेते यंत्राने सपाट केली जात आहेत, वाळूचा उपसा काठ खात आहे. विचारायचे असेल तर काठ उभे आहेत तोवरच.